जावेचं दूध

मनकर्णाने आयुष्यात पुष्कळांशी भांडणं केली होती. तलावाच्या पाण्यावरून बांधाशेजाऱ्यांशी, मापावरून मूल गावच्या राइस मिलवाल्याशी, आणि वरणातल्या मिठावरून नवऱ्याशी तर रोजच. पण काचेच्या पेटीशी कसं भांडायचं हे तिला ठाऊक नव्हतं. गडचिरोलीच्या सरकारी दवाखान्यात ती त्या पेटीपुढे उभी होती, आणि पेटीत तिची नात निजली होती. लिंबाएवढी मूठ, नाकात नळी, आणि अंगावर कापूस पांघरल्यासारखी बारीक लव. दिवस भरायच्या कितीतरी आधी आलेली पोर. आल्यापासून रडलीसुद्धा बेतानंच, जणू लवकर आल्याबद्दल तिलाच संकोच वाटत होता.

मोठी सून उर्वशी वरच्या मजल्यावर खाटेवर होती. लग्नाला आठ वर्षं झालेली, दोनदा पोट रिकामं झालेलं. यावेळी सगळं नीट चाललंय असं वाटत असतानाच तिचे पाय सुजले, मग तोंड सुजलं, मग डोकं असं ठणकायला लागलं की तिला समोरचं माणूस दोन-दोन दिसू लागलं. मूलच्या दवाखान्यात बीपी मोजलं, मोजणाऱ्या बाईने लगेच ॲम्ब्युलन्स बोलावली. गडचिरोलीला पोचल्यावर तासाभरात ऑपरेशन. तिचा नवरा हेमराज शेतात धान कापत होता, तो विळा तिथंच टाकून चिखलाच्या पायांनी आला, तो अजून दवाखान्यातच होता.

"आजी, पोट फुगलं होतं ते उतरलंय आता," डॉक्टरीण म्हणाली. पोरसवदा होती, अमरावतीकडची, पण बोलायची शांत. "वरचं दूध तिला सोसत नाही. आतडी फार कोवळी आहेत. आईचं दूध थेंब थेंब सुरू करायला हवं."

"आईले दूधच नाई येऊन राह्यलं ना मॅडम," हेमराज म्हणाला.

"येईल. बीपी इतकं वाढलं होतं, त्यात ऑपरेशन, वर औषधं. उशीर होतोच. दर थोड्या वेळाने हाताने काढत राहिलं की येतं. प्रश्न मधल्या दिवसांचा आहे. तुमच्या घरात, नात्यात कोणी अंगावर पाजणारी बाई आहे का? निरोगी असेल, तिचं रक्त तपासून घेतलं आणि तिची राजीखुशी असेल, तर तिचं दूध देता येईल. दुधाची बँक इथून फार लांब पडते."

हेमराज भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर वाचायला लागला. मनकर्णाच्या नवऱ्याला, गुणवंतरावांना, खोकला आला. मनकर्णाने पदर सारखा केला, जो आधीच सारखा होता.

पाजणारी बाई होती. लांब कुठं नाही, इथंच गडचिरोलीत, चामोर्शी रोडच्या पलीकडे. धाकट्या प्रफुलची बायको संघप्रिया. चार महिन्यांचं पोर मांडीवर असलेली. प्रफुलने कचेरीत जाऊन लग्न केलं त्या दिवसापासून गावाकडच्या, करवनटोल्याच्या घरातून तिकडे कोणी गेलं नव्हतं. मुलगी बौद्धांची, म्हणून गावात कुजबुज झाली होती. पण कुजबुजीने घर फुटत नाही. घर फुटलं ते उर्वशीच्या एका वाक्याने. ती या घरात आली तर मी माझी पेटी भरून माहेरी जातो, असं उर्वशी चुलीपाशी बसून बोलली होती, आणि मनकर्णाने मोठ्या सुनेची बाजू धरली होती. घर उर्वशी चालवायची, म्हातारपणी आपल्याला तीच पाहणार, असा साधा हिशेब होता. पुढे दुसऱ्याच वर्षी संघप्रियाला पोरगा झाल्याची बातमी आली तेव्हा उर्वशी सबंध दिवस जवस कांडत बसली होती.

"आहे एक," गुणवंतराव खोकला थांबवून म्हणाले.

हेमराजने पोस्टरवरची नजर काढली नाही. "बाबा, कोणत्या तोंडानं जाणार?"

"मी जातो," मनकर्णा म्हणाली. "तोंड माझंच आहे, दुसऱ्याचं नाई लागत."

*

रिक्षा केली नाही, पायीच निघाले. गुणवंतराव पुढे, मनकर्णा मागे.

"अजी, घर माहीत आहे का तुमाले?"

"विचारत विचारत जाऊ," ते म्हणाले, आणि त्यांनी कोणालाही विचारलं नाही. पाण्याच्या टाकीपाशी डावीकडे वळले, एका बोळातून आडवे गेले, चिखल होता तिथं बरोबर तीन विटांवर पाय देत पलीकडे उतरले. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने दुकानातून हात केला. "काय काकाजी, आज मधेच चक्कर?"

गुणवंतरावांनी ऐकलं नाही असं दाखवलं. त्यांचे कान कोणते आवाज गाळतात हे मनकर्णाला चांगलं माहीत होतं.

"बियाणं पाहायले येत होते तुमी गडचिरोलीले," ती मागून म्हणाली.

"हो ना."

"अन् दात दाखवायले."

"हो."

"दात तं चारच राह्यले तुमच्या तोंडात. एवढ्या वेळा काय दाखवले डॉक्टरले?"

गुणवंतराव एका निळ्या फाटकापाशी थांबले, आणि आतली कडी कुठून निघते ते न बघता हात घालून काढली.

दार बायनाबाईने उघडलं. संघप्रियाची आई, मुलचेऱ्याकडची; अंगाने काटकुळी, नजर मात्र अशी की समोरच्याने आपण होऊन चपला बाहेर काढाव्या. तिच्या कडेवर एक गुबगुबीत पोरगं होतं. त्याने गुणवंतरावांना पाहिलं आणि दोन्ही हात फेकून त्यांच्याकडे झेप घेतली. म्हाताऱ्याच्या तोंडावर असं हसू आलं, जे मनकर्णाने बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. आणि तिला, इतक्या सगळ्या गडबडीत, आधी रागच आला. आपला नातू आपल्या नवऱ्याला ओळखतो आणि आपल्याकडे परक्यासारखा पाहतो, याचा.

"या जी, बसा," बायनाबाई गुणवंतरावांना म्हणाली. मग मनकर्णाकडे वळून, "तुमीबी बसा."

पाण्याचा गडू पुढे आला. मनकर्णाने तो तोंडाला लावून रिकामा केला. तहान खरोखरच लागली होती.

संघप्रिया आतून आली. ओले केस, गाउनवर ओढणी. शाळेत शिकवायची, सध्या बाळंतपणाच्या रजेवर होती. प्रफुल कामासाठी कुरखेड्याला गेला होता. मनकर्णाने तिला आजवर फक्त एकदा, लग्नाच्या फोटोत पाहिलं होतं. फोटोत ती बुटकी वाटली होती. तशी नव्हती.

"बाळ कसं आहे?" तिनेच आधी विचारलं.

"तुले माहीत आहे?"

"बाबांनी फोन केला होता काल."

मनकर्णाने नवऱ्याकडे बघायचं टाळलं. तो हिशेब घरी गेल्यावर. वाटेत तिने बोलायचं सगळं जुळवलं होतं, कुठून सुरुवात करायची, कुठं थांबायचं. त्यातलं एक अक्षर आठवेना.

"पोरीले दूध नाई," ती म्हणाली. "वरचं चालत नाई. पोट फुगते. उर्वशीले अजून येऊन नाई राह्यलं. डॉक्टरीण म्हणते, दुसऱ्या बाईचं चालते. म्हणून आलो."

मग बायनाबाई बोलली. आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं.

"माझ्या पोरीले सातवा लागला, ओटी भरली, तुमच्याकडचं एक माणूस नाई आलं. ती दवाखान्यात होती, दोन दिवस कळा देऊन राह्यली, कोणी फोन नाई केला. आता दूध पायजे तं बरोबर घर सापडलं तुमाले."

"ओटीले मी आलो होतो जी," गुणवंतराव हळूच म्हणाले. "मागच्या दारानं."

"तुमचं नाई म्हणून राह्यली मी, भाऊ."

"आई, राहू दे," संघप्रिया म्हणाली.

"काऊन राहू देऊ? दोन वर्षं राहूच दिलं ना."

मनकर्णाला उत्तरं सुचली. तिला नेहमीच सुचायची. जिभेवर येऊन उभी राहायची. पण समोरची बाई बोलत होती त्यात खोटं काही नव्हतं, आणि तिकडे पेटीत लिंबाएवढी मूठ होती. "तुमी बोला," ती म्हणाली. "बोलायचं तेवढं बोला. मी ऐकून घेतो. फक्त हिले माझ्यासंग येऊ द्या."

बायनाबाईला याची अपेक्षा नसावी. तिने नातवाचं झबलं उगीच खाली ओढलं.

"मी येते," संघप्रिया म्हणाली. "माझं रक्त तपासलेलं आहे बाळंतपणात, तिथं पुन्हा तपासतील. याला पुरून उरतं एवढं आहे मला. पण एक सांगते, आई." आई हा शब्द तिने मनकर्णाकडे बघून उच्चारला. "उर्वशीताईंना माहीत पाहिजे, दूध कोणाचं आहे ते. लपून मी देणार नाही. लपायचं असं काही मी केलेलं नाही."

*

दवाखान्यात संघप्रियाचं रक्त घेतलं तेव्हा हेमराजने आईला जिन्याखाली ओढलं. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. वहिनी म्हणावं की नुसतं नाव घ्यावं हे न कळून तो संघप्रियाला 'या' एवढंच म्हणाला होता.

"आई, उर्वशीले सांगू नको."

"काऊन?"

"बीपी वाढलं तं? डॉक्टर म्हणून राह्यले, तिले ताण द्यायचा नाई. कागदावर सही बापाची चालते, मी विचारून घेतलं. तिले सांगू, दवाखान्यातूनच दूध मिळून राह्यलं. घरी गेल्यावर पाहू मंग."

मनकर्णा विचारात पडली. हेमराज खोटं बोलायला सांगत होता, पण बायकोच्या काळजीनेच. आणि भीती खरी होती. उर्वशीच्या उशाशी अजून ते यंत्र टुकटुक करत होतं, अजून तिच्या बोटांच्या पेरांवर सूज होती. सांगितलं आणि काही झालं तर? नाही सांगितलं तर सगळं सुरळीत जाईल. संघप्रिया तिथं बसून दूध काढेल आणि जाईल, आणि उर्वशीला कळणारही नाही. मग केव्हातरी कळेल. कोणीतरी सांगेल, गडचिरोली आहेच केवढी. तेव्हा उर्वशी हेमराजला विचारणार नाही, सासूलाच विचारेल, की माझ्या लेकीच्या पोटात काय गेलं ते मलाच ठाऊक नव्हतं?

आणि संघप्रिया काय म्हणाली होती? लपायचं असं काही केलेलं नाही.

"तू इथीच थांब," मनकर्णा म्हणाली.

"आई."

"थांब म्हटलं ना. चहा पी. तोंड धू. असा दिसून राह्यला की तुलेच भरती करतीन."

वॉर्डात उर्वशी उशीला टेकून बसली होती. समोर रिकामी वाटी. ती हाताने दूध काढायचा प्रयत्न करत होती आणि वाटीच्या तळाशी काही नव्हतं. मनकर्णाला पाहून तिने पटकन पदर घेतला, जणू चोरी पकडली गेली.

"थेंबबी नाई," ती म्हणाली. "एवढा भाजीपाला खाल्ला नऊ महिने. म्हणजे आठ. काय कामाची आहे मी."

"तुले बीपी झालं ना माय. त्यात तुझा काय दोष?"

"तिनं खाल्लं का काही?"

"अजून नाई. आता देतीन." मनकर्णा खाटेच्या कडेला बसली. सरळ सांगायचं, वळण घेतलं तर आपणच वाटेत हरवू, हे तिला कळलं होतं. "उर्वशी, मी प्रफुलच्या घरी जाऊन आलो."

उर्वशीचा हात पदरावर थांबला.

"संघप्रिया आली आहे. खाली बसली आहे. तिच्याजवळ दूध आहे. डॉक्टरीण म्हणते, चालते. ती द्यायले तयार आहे. फक्त तुले सांगूनच देतो म्हणते."

उर्वशी खिडकीकडे बघत राहिली. बाहेर कडुलिंबाच्या फांदीवर कोणाचीतरी दुपटी वाळत होती. यंत्र टुकटुकत राहिलं. मनकर्णा त्या आवाजाकडे कान लावून बसली होती; जरा वेग वाढल्यासारखा वाटला की नर्सला हाक मारायची, असं तिने ठरवून टाकलं होतं.

"ती हो म्हणाली?" उर्वशीने विचारलं. "लगेच?"

"तिची माय बोलली थोडं. ती नाई."

"काय बोलली माय?"

"बोलायसारखंच बोलली."

"तुमी मले विचारून काय राह्यले, आई?" उर्वशी म्हणाली. "तिच्या दुधानं माझ्या लेकीची जात जाते का, असं? गेली तं गेली. दोन गेले माझे. त्यांची जात शाबूत होती." तिने अंगावरची चादर बाजूला केली. "मले उठवा. खाली न्या. तिनं माझ्या लेकीसाठी इथवर यावं अन् मी खाटेवर पडून हो म्हणावं, हे बरं नाई दिसत."

नर्सने नेऊ दिलं नाही. टाके ओले होते. मग संघप्रियाच वर आली. दोघी जावा आयुष्यात पहिल्यांदा समोरासमोर आल्या. उर्वशीने खाटेवरची उशी सरकवून जागा केली.

"बस," ती म्हणाली. "मले माहीत नाई काय म्हणायचं असते अशा वेळी."

"मलाही नाही माहीत, ताई," संघप्रिया म्हणाली, आणि बसली.

नर्सने बीपी मोजलं, विश्वास बसला नाही म्हणून पुन्हा मोजलं. वाढलं नव्हतं.

*

पहिल्या दिवशी पोरीला दूध दिलं ते डोळ्यात औषध घालावं इतकं. नळीतून हळूहळू खाली उतरलं. सगळे काचेबाहेर उभे राहून पोट फुगतंय का बघत होते. हेमराज तर असा टक लावून की डॉक्टरिणीने त्याला सांगितलं, पोट बघून फुगत नसतं. संध्याकाळी पुन्हा दिलं. दुसऱ्या दिवशी थोडं वाढवलं. पोट मऊच राहिलं. पोरीने लंगोट ओला केला तेव्हा गुणवंतरावांनी ती बातमी फोन करून गावात पोचवली.

दूध काढायची एक वेगळी खोली होती. तिथं दोघी जावा शेजारी शेजारी बसायच्या. संघप्रियाची वाटी भरायची, उर्वशीची कोरडी. तरी संघप्रिया तिला उठू द्यायची नाही.

"असं दाबू नका ताई, दुखेल. बोटं मागे ठेवा, अशी. आता हळू. मलाही पहिले दोन दिवस काही आलं नव्हतं, मी रडून रडून आईला वेडं केलं होतं."

"तुले? तुझं तं नळासारखं वाहून राह्यलं."

"आता. तेव्हा विचारायचं होतं."

"तेव्हा विचारलं असतं तं," उर्वशी म्हणाली आणि पुढचं वाक्य तिने पूर्ण केलं नाही. संघप्रियानेही ते मागितलं नाही. थोड्या वेळाने उर्वशीनेच विचारलं, "तुझा पोरगा उपाशी नाई ना राह्यत याच्यात?"

"त्याचे गाल पाहिले का तुम्ही?"

नव्हते पाहिले. बायनाबाई नातवाला, आयुषला, पाजायला म्हणून दवाखान्यात आणायची, पण उर्वशी त्या वेळी नेमकी डोळे मिटून पडायची. त्या दिवशी संघप्रियाने काही न विचारता त्याला तिच्या मांडीवर ठेवलं आणि आपण हात धुवायला गेली. मनकर्णा दारात होती. तिने पाहिलं, की उर्वशी आधी हात अंगापासून दूर धरून बसली, गरम भांडं मांडीवर आल्यासारखी. मग पोराने तिच्या मंगळसूत्राची वाटी पकडून तोंडात घातली. उर्वशीने ती सोडवली, त्याने पुन्हा पकडली. तिसऱ्या वेळी तिने सोडवली नाही. ती रडत होती, पण तोंडाने त्याला काहीतरी सांगतही होती, बहुतेक मंगळसूत्र खायचं नसतं असं. मनकर्णा आल्या पावली मागे फिरली.

त्याच दुपारी उर्वशीच्या वाटीच्या तळाला पिवळट, घट्ट असं काहीतरी चमकलं. चमचाभरही नव्हतं. उर्वशीने ती वाटी दोन्ही हातांनी धरून स्वतः नर्सकडे दिली, वाटेत कोणालाही हात लावू दिला नाही.

इकडे दोन विहिणींचं वेगळंच सुरू होतं. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, असं मनकर्णा सांगायची; तिच्या सासूने तिला तसंच ठेवलं होतं. बायनाबाई तांब्या भरून उर्वशीच्या उशाशी ठेवायची. मनकर्णा तो खाली सरकवायची, बायनाबाई वर. बायनाबाईने लाखोरीची डाळ आणि भाकर आणली तर मनकर्णा म्हणाली, जड पडीन. मनकर्णाने मोहफुलांचे लाडू करून आणले तर बायनाबाई म्हणाली, उष्ण पडतीन. शेवटी दोघी डॉक्टरिणीपुढे उभ्या राहिल्या.

"पाणी भरपूर," डॉक्टरीण म्हणाली. बायनाबाईने मान वर केली. "डाळ चालेल, लाडूही चालतील. जे खावंसं वाटेल ते पोटभर. फक्त मीठ बेतानं, आणि बीपीची गोळी चुकवायची नाही."

"लाडू चालतीन म्हणाली," मनकर्णा बाहेर आल्यावर म्हणाली.

"पाणी भरपूर म्हणाली," बायनाबाई म्हणाली.

मग दोघींनी बाकड्यावर बसून उरलेले लाडू खाल्ले. खाता खाता बायनाबाई म्हणाली, "गूळ चांगला आहे," आणि मनकर्णाने पुढच्या खेपेला तिच्यासाठी वेगळे बांधून आणायचं मनाशी ठरवलं. बोलून मात्र दाखवलं नाही, एवढ्यात कशाला.

पोर वजन धरायला लागली तसं नर्सने हेमराजला सदरा काढायला लावला. उघड्या छातीवर पोर ठेवायची, वरून कापड बांधायचं, आणि तासन् तास तसंच बसायचं. याला कांगारू म्हणतात, तिने सांगितलं. आईच्या टाक्यांना आराम हवा, तोवर बापाने करायचं. धान कापणारा, बैल नांगराला जुंपणारा हेमराज खुर्चीत असा बसला, की श्वास घेऊ की नको. पोर त्याच्या केसाळ छातीवर बेडकीसारखी चिकटून झोपली. शिंक आली तर त्याने नाक दाबून धरलं. प्रफुल कुरखेड्याहून आला तो नेमका त्या वेळी. लग्नानंतर दोघे भाऊ बोलले नव्हते.

"दादा," तो म्हणाला.

"हळू बोल," हेमराज कुजबुजला. "झोपली आहे."

एवढ्यावर त्यांचं बोलणं सुरू झालं. नंतर ते बाहेर जाऊन बराच वेळ धानाबद्दल बोलत होते.

*

नळी निघाली, वाटी-चमचा आला, आणि मग एका सकाळी पोरीने उर्वशीच्या छातीला तोंड लावलं. धरलं, सुटलं, चिडली, पुन्हा धरलं. आता उर्वशीला पुरतं नाही तरी बरंच येत होतं, उरलेलं संघप्रियाचं. सोडायचा दिवस ठरला तसा डॉक्टरिणीने सगळ्यांना समोर बसवलं.

"बाळाला सारखं वजनासाठी आणावं लागेल. आईचंही बीपी अजून महिनाभर बघायचंय, बाळंतपण झालं म्हणजे ते संपत नाही. डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ताबडतोब यायचं. तुमचं गाव लांब आहे. इथंच कुठं राहता येईल का?"

"खोली पाहतो भाड्याची," हेमराज म्हणाला.

संघप्रिया पोराचे मोजे सरळ करत होती. प्रफुलने तोंड उघडलं, तिने नजरेनेच त्याला थांबवलं. मनकर्णाच्या ते लक्षात आलं. बोलवायचं असतं तर तिला एक शब्द पुरला असता. पण आधी शब्द उर्वशीकडून यायला हवा, म्हणून ती वाट बघत होती. मनकर्णालाही बोलता आलं असतं. तिने ओठ आवळून धरले. हे आपलं काम नव्हतं.

"भाड्याची खोली कायले?" उर्वशी म्हणाली. "माझ्या जावेचं घर आहे ना इथी." मग संघप्रियाकडे वळून, जरा बिचकत, "का वो, ठेवतं का मले? लेकरू रडकं आहे माझं. अन् मी बी काही कमी नाई."

संघप्रियाने मोजे खाली ठेवले. "परवाच खोली झाडून ठेवली आहे, ताई," ती म्हणाली. "आईने दोन तांबे भरून ठेवलेत उशाशी."

निळ्या फाटकातून उर्वशी आत गेली, मागून हेमराज पोरीला छातीशी बांधून. बायनाबाईने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. मनकर्णा दोन दिवस तिथं राहिली, आयुषने तिला ओळखायला सुरुवात केली, आणि मग धान खळ्यावर पडलं होतं म्हणून ती आणि गुणवंतराव गावाला निघाले.

करवनटोल्याच्या फाट्यावर बसमधून उतरले तेव्हा किराणा दुकानापुढे नेहमीची मंडळी बसली होती. शेजारची सीताबाई तेलाची बाटली घेऊन उभी होती. तिने दोघांच्या मागे कोणी उतरतंय का ते पाहिलं.

"काय वो मनकर्णा, एकटेच? सून कुठी आहे? माहेरी सोडली का?"

दुकानापुढची मंडळी बोलायची थांबली. काय घडलं ते गावाला अर्धंमुर्धं कळलेलंच होतं. उरलेलं अर्धं ही काय सांगते त्यावर ठरणार होतं. गुणवंतराव बसच्या धुरळ्याकडे बघत उभे राहिले.

"मोठी सून धाकटीजवळ आहे, गडचिरोलीले," मनकर्णा म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "धाकटीच्या दुधावर पोर वाढली आमची. आता महिनाभर दोघी एकाच घरी राह्यतीन."

सीताबाईने बाटली या हातातून त्या हातात घेतली. "मंग बारसं तिकडेच करतान?"

"तिकडे काऊन? इथीच करू. घर आहे ना आमचं. दोन्ही लेकरांचं संगच करू, पोराचं राहूनच गेलं होतं. दोन्ही सुना येतीन, आमची ईहीनबाई येईन मुलचेऱ्याहून. तुमाले आवतन देतो ना मी, सगळ्याइले देतो. ज्याले यायचं आहे त्यानं या."

गुणवंतरावांनी धुरळ्यावरची नजर काढून बायकोकडे पाहिलं. ही बातमी त्यांनाही तिथंच, फाट्यावर, सगळ्यांबरोबरच मिळत होती.

"अजी, पाहून काय राह्यले?" मनकर्णाने हातातली पिशवी त्यांच्या हाती दिली. "चला. खळ्यावर धान पडलं आहे, अन् पाळणा एकच आहे आपल्या घरी. दुसरा आणा लागीन."